आई फोन मागच्या खिडकीत ठेवायची

मालिका बघणाऱ्या बायकांना नावं ठेवणारे लोक माझ्या डोक्यात जातात. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये असे दोघे-तिघे आहेत. "काय मॅडम, आज साडेसातला काय होणार? आई चिडणार की मुलगी?" असं म्हणून एकमेकांना टाळ्या देतात. अरे, तुम्ही तासन्‌तास क्रिकेट बघता ते काय देशसेवा म्हणून? मी तोंडावर सुनावते, मला ते छान जमतं. पण एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. मजा म्हणून मी ती मालिका बघितली ती सुरुवातीचे काही महिनेच. पुढे मी ती बघायचे, कारण तेवढ्या अर्ध्या तासात आई जिवंत आहे हे मला माझ्या कानांनी ऐकू यायचं.

मी महाडला राहते, नवरा आणि मी दोघंच. आई पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या बाजूला, मुख्य गावापासून वर सुटलेल्या आमच्या बौद्धवाडीत. वडील गेल्यापासून एकटी. भाऊ मुंबईला एका खोलीत संसार करतो, तिथे आईला पाय पसरायला जागा नाही. रोज साडेसातला मी इकडे टीव्ही लावायची, ती तिकडे लावायची, आणि दोघींचे फोन स्पीकरवर. वाडीत मोबाइलला रेंज येते ती फक्त आमच्या घराच्या मागच्या खिडकीत. म्हणून आई फोन त्या खिडकीच्या चौकटीवर उभा करून ठेवायची आणि तिथपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायची. खिडकीमागे रिकामा गोठा. गोठ्यामागे डोंगर सुरू होतो.

मालिका एका आईची आणि तिच्या मुलीची. आई विधवा, एका जुन्या इमारतीत पोळी-भाजी केंद्र चालवणारी, जिभेला हाड नसलेली. मुलगी ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, आईच्याच वळणाची. दोघी अखंड भांडायच्या. आई मुलीच्या साहेबाला तिच्या लहानपणचे किस्से सांगायची, मुलगी आईच्या नावानं लग्नाच्या संकेतस्थळावर माहिती भरायची, असले उद्योग. हसून हसून पुरेवाट व्हायची. पण मला त्यातलं खरं काय आवडायचं, तर त्या दोघी एकमेकींना सगळं बोलायच्या. "मला तुझा राग आलाय." "मला तुझी आठवण आली." "तू नव्हतीस म्हणून मी रडले." असं सरळ! आमच्या घरात असं बोलायची पद्धतच नव्हती. आईला माझी आठवण आली की ती म्हणायची, "आज भाकर एक जास्त झाली गो." आता यातून काय ते मी समजून घ्यायचं.

मालिका सुरू झाली आणि आम्हाला जणू तोंड फुटलं. पण आपल्या नावानं नाही, त्यांच्या नावानं.

"बघ ती पोरगी, आयला न इचारता पडदे बदलते," आई म्हणायची.

"आई, फाटले होते पडदे."

"फाटले तरी तिचे व्हते ना?"

हे पडद्यांचं नव्हतंच. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिची गंजलेली पत्र्याची पेटी भंगारवाल्याला दिली होती, त्याचं होतं. मग मी पण काही कमी नाही. मी म्हणायचे, "ती आई बघ, ताप आला तरी मुलीला सांगत नाही. मूर्खच आहे." मग आई म्हणायची, "आता उतरला हाय तिचा ताप." म्हणजे आमच्या मातोश्री चार दिवस अंगावर काढून बसल्या होत्या.

तिच्याकडे वाडीतल्या बायकाही जमायच्या. टीव्ही बाकीच्या घरांतही होते, पण आईकडे बसून बघण्यात मजा वेगळी. ती मालिकेतल्या माणसांना अशा काही शिव्या घालायची की मूळ संवाद त्यापुढे फिके. संध्याकाळी आमची पडवी भरून जायची. फोनवर मला त्या सगळ्यांचं हसणं ऐकू यायचं. आणि टीव्हीतल्या दोघी बोलायच्या थांबल्या, बायका गप्प झाल्या, की खिडकीतल्या फोनमधून मागची बाजू ऐकू यायची. उन्हाळ्यात रातकिडे. पावसाळ्यात पाणी. आणि एखादवेळी पाण्यातून दगड गडगडत गेल्याचा आवाज, मग परत पाणी.

तळीये गावावर दरड कोसळली त्यानंतर आमच्याकडे कुणी डोंगराकडे पूर्वीसारखं बघितलं नाही. तिथल्या माणसांची आपल्याशी सोयरीक असो नसो, रडली नाही अशी बाई या दोन तालुक्यांत नसेल. मग साहेब लोक फिरले, तज्ज्ञ आले, वाड्यांची पाहणी झाली. आमच्या वाडीचं नाव धोक्याच्या गावांत आलं. तेव्हापासून दर पावसाळ्याच्या तोंडाशी तलाठी नोटीस घेऊन येतो. अतिवृष्टीत खालच्या रस्त्याकडेच्या शाळेत जाऊन राहा, असं तीत असतं. शाळेची खोली त्यासाठी उघडी ठेवतात. लोक पहिल्या वर्षी गेले, एक रात्र डास मारत बसले, सकाळी परत आले. दुसऱ्या वर्षी निम्मे गेले. आई एकदाही गेली नाही.

"खाली ये" असं मी तिला किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. रागानं म्हटलं, लाडानं म्हटलं, नवऱ्याकडून म्हणवलं. ती विषय बदलायची. एकदाच, हळद वाळत घालताना, बोलून गेली. "लेकीच्या घरी पाहुणी म्हणून चार दिस बरं वाटतं गो. पाचव्या दिशी तांब्या कुठला घ्यायचा ते इचारायला लागतं." आमच्याकडे लेकीच्या घरी जाऊन राहणाऱ्या आईबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. तोंडावर काही बोलत नाहीत. "लेकीकडं असतात हल्ली" एवढंच म्हणतात, आणि पुढे जरा थांबतात.

अशातच गेल्या पावसाळ्याच्या आधी मालिकेत नवीनच निघालं. त्या आईची इमारत धोकादायक ठरली. माणसं आली, भिंतीवर लाल खूण करून गेली, आणि मुलगी हात धुऊन मागे लागली, आई, माझ्याकडे चल. मी इकडे सोफ्यावर उडालेच. लिहिणाऱ्याला आमच्या घरचं कुणी कळवलं की काय!

"बघितलंस ना?" मी म्हणाले.

"बघतेय."

"ती गेली तर तू येशील?"

"बघू तिचं काय व्हतं ते."

"म्हणजे? आई, तू काय टीव्हीला कौल लावतेस?"

हे मी मुद्दाम झोंबेल असं बोलले. मुख्य गावात अजून कौल लावतात. देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या आजोबांच्या पिढीनं हे सगळं सोडलं, धम्म घेतला, आणि आईसमोर कौल हा शब्द जरी काढला तरी ती अंगावर यायची. तशी ती आलीच.

"तोंड सांभाळ! कौल दगडाला लावतात. मी माणसांकडं बघतेय."

"टीव्हीतली माणसं, आई! खोटी!"

"आन त्या लिहिणाऱ्याला काय आय नाय? तो काय कुठनं बघून लिहीत नसंल?"

मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी साडेसातला परत लावला. कारण मलाही तेच बघायचं होतं. त्या आईचं मुलीच्या घरी नीट चाललं, तिला मान मिळाला, तर माझी आई डोंगराखालून निघेल. मी शिकलेली बाई, बी.एड. झालेली, आणि माझ्या आईचा जीव मी कुठल्याशा चॅनेलच्या लेखकाच्या हातात दिला होता. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. रोज मनात म्हणायचे, बाबा रे, नीट लिही.

आषाढ लागला तसा आईच्या बोलण्यात बारीकसारीक काही यायला लागलं. ती सांगायची ते सहज, मालिकेत जाहिराती लागल्या की.

"दार लागत नाय गो. लाकूड फुगलं असंल."

दुसऱ्या दिवशी, "हिरीचं पानी गढूळ येतंय. पोरांनी ढवळलं बहुतेक."

मग एकदा, "गोठ्यामागं जमीन फाटली हाय जराशी. उन्हानं फाटते तशी."

"आई, आषाढात जमीन उन्हानं फाटते का?" मी ओरडलेच.

"ओरडतेस काय? बुजवली ना. चार घमेली माती लोटली नि वर काकडीचा वेल सोडला. सगळ्यांनीच सोडलेत. पानी आत जायाचं नाय."

मला रडावं की डोकं आपटावं कळेना. भेग वाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती, आणि आमच्या लोकांनी काय केलं, तर तिच्यात माती भरून काकड्या लावल्या! जमीन मोकळी झाली आहे, माती भुसभुशीत आहे, वेल छान धरेल. आमच्याकडे जमीन एवढीशी असते की कुठलीही रिकामी रेघ दिसली की हात आपोआप बी टोचतो. तलाठ्याला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, नोटीस दिली आहे, आता आम्ही काय उचलून आणू? तेही खरंच.

मग पावसानं धरलं. आकाश फाटल्यासारखा म्हणतात तसा, सलग. महाडात सावित्री नदी काठाला लागली. साडेसातला आईच्या पडवीतल्या बायका हसत होत्या आणि त्यांच्या हसण्यामागून मला मागच्या खिडकीतला आवाज ऐकू येत होता. तो नेहमीच्या पाण्याचा नव्हता. जड, खालून येणारा, कुणीतरी बंद घरात कपाट सरकवावं तसा. मी "आई!" म्हणून ओरडले. टीव्हीचा आवाज मोठा होता. तिला वाटलं, मी मालिकेतल्या आईला हाक मारली. मी रात्रभर कूस बदलत राहिले.

मोबाइलवर त्या मालिकेचा भाग टीव्हीच्या आधी बघायला मिळतो. सकाळी शाळेला सुट्टी जाहीर झाली, तसा मी चहा ठेवतानाच भाग लावला. ती आई मुलीच्या घरी राहायला आली होती, हे आदल्या दिवशीच दाखवलं होतं आणि माझ्या आईनं "बरं दिसतंय हो घर" असं म्हटलं होतं. मी आशेवर होते. आणि या मेल्या लेखकानं काय करावं? मुलगी बाल्कनीत उभी राहून मैत्रिणीशी फोनवर बोलते, "अगं, आई आलीय तात्पुरती. किती दिवस माहीत नाही." ते आतून आईला ऐकू येतं. ती उठते. मुलीच्या डब्यात दोन पोळ्या जास्त ठेवते, पिशवी भरते आणि रिक्षा करून आपल्या लाल खुणेच्या इमारतीत परत जाते. मागे सनई का काहीतरी करुण वाजतं.

संध्याकाळी साडेसातला हे आई बघणार. आणि एकदा तिनं बघितलं की संपलं. मग कलेक्टर आला तरी ती उठायची नाही. नवऱ्याला म्हणाले, मी जाते. तो म्हणाला, अगं, घाटात झाडं पडलीत, वेडी आहेस का. मी म्हणाले, मला घाटात जायचं नाही, उमरठच्या रस्त्याला जायचंय, आणि हो, आहे वेडी.

पोलादपूरपर्यंत एसटी मिळाली. पुढे जीपवाल्याच्या हातापाया पडले, त्यानं रस्त्याच्या मोरीवरून पाणी जात होतं तिथपर्यंत सोडलं आणि गाडी वळवून पळाला. तिथून चालत. शाळा लागली. तिचं दार उघडं, आत सतरंज्या रचलेल्या, माणूस एक नाही. वर चढायला लागले तशी माझ्या पायाखालची वाट मऊ लागत होती, आणि ओहोळाचं पाणी लाल नव्हतं, काळं होतं. त्यात मुळं वाहत होती. पक्षी ओरडत नव्हते. वाडीतला एकही कुत्रा माझ्यावर भुंकला नाही.

घराचं दार बिजागरीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. लागतच नाही तर ठेवायचं कशाला, असा विचार केला असणार. त्या जागी गोणपाट लावलं होतं. मी आत न जाता आधी मागे गेले. गोठ्याच्या मागे काकडीचे वेल होते. मूळ भेगेच्या वरच्या काठावर, मांडव खालच्या काठावर. दोन्हींच्या मधला वेल कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणला होता. काकडीचा वेल तुम्ही कधी ताणलेला बघितलाय? तो लोळतो, लोंबतो. मी हात लावला तर तो तटकन तुटला.

गोणपाट बाजूला करून आत शिरले. पडवी भरलेली. बायका भिंतीला पाठ लावून बसलेल्या, आई मध्ये, मांडीवर कुणाचं तरी लहान मूल. टीव्हीवर बातम्यांत आमच्याच जिल्ह्याचा पाऊस दाखवत होते आणि बायका मालिकेची वाट बघत होत्या. फोन खिडकीत उभा करून ठेवलेला. माझ्यासाठी.

"अगो बाय! तू? आन अशी भिजून?" आई उठली.

"सगळ्या खाली चला. आत्ता. मागचा वेल तुटला."

"मालिका झाली की जाऊ," शेजारची काकी म्हणाली. शपथेवर सांगते, हेच म्हणाली. "आज ती आय मुलीकडं ऱ्हाते का बघायचं हाय."

माझं डोकं फिरलं. मी सरळ टीव्हीपाशी गेले, वायर उपटली, छपरावरच्या डिश-छत्रीची केबल पिरगाळून काढली, टीव्ही काखेत मारला, वर आईची गोधडी आणि प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि चालायला लागले. हल्लीचे टीव्ही पातळ असतात हे नशीब. मागे एकच कालवा. "अगो, टीव्ही घेऊन चालली!" "हिला येड लागलं!" "धरा तिला!" काकी तर अशा शिव्या देत होती की आईनंही तोंडात बोट घालावं. मी मागे बघितलं नाही. उतारावर दोनदा घसरले, टीव्ही छातीशी धरून ढुंगणावर आपटले, उठले, चालले. आणि त्या आल्या. पोरांना कडेवर घेऊन, डोक्यावर गोणपाटं घेऊन, मला शिव्या देत सगळ्या आल्या. बाप्ये आधी दारांत उभे राहून हसत होते. मग बायकाच गेल्या म्हटल्यावर तेही म्हाताऱ्यांना घेऊन निघाले. नोटिशीनं जे झालं नाही ते असं झालं. आई सगळ्यात शेवटी आली, माझ्याकडे न बघता.

शाळेत टीव्ही टेबलावर ठेवला. आता छत्री नाही, तर दिसणार काय? काळा पडदा. बायका ओल्या साड्या पिळत माझ्याकडे खाऊ का गिळू बघत होत्या. मोबाइलला रेंज नाही. साडेसात वाजले. पत्र्यावरचा पाऊस डोक्यात वाजायला लागला.

"तू मोबाइलात आधी बघतेस ना?" काकी फणकारून म्हणाली. "मग सांग आता. काय झालं?"

थाप मारली असती तर पचली असती. ती आई मुलीकडे सुखानं राहिली, गोड झालं, असं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पण मला ते जमलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिला खरं सांगितलंच असतं. मी टेबलापुढे उभी राहून सगळा भाग सांगितला. आवाज काढून सांगितला, हसवलं पण थोडं. मग बाल्कनी आली.

"तात्पुरती म्हणाली?" आईनं विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली.

"हो."

"मग?"

"मग गेली ती परत. आपल्या इमारतीत."

"जाणारच," आई म्हणाली. पदर डोक्यावरून घेतला आणि पिशवी जवळ ओढली. पिशवी तिनं आणली होती, हे मला तेव्हा दिसलं.

"आई, मी नाही तसं म्हणणार."

"मी त्या दोघींचं बोलतेय."

"मी तुझं नि माझं बोलतेय! ऐकतेस का तू? मी दोन वर्षं ती मालिका बघत नाहीये. मी त्या फोनमध्ये डोंगर ऐकत बसते. मला झोप लागत नाही, आई. तू गेलीस तर मी काय करू? मला भीती वाटते, समजलं? मला भीती वाटते!" एवढं सगळं सगळ्या वाडीपुढे बोलून मी शाळेच्या बाकावर बसून हुंदके देऊन रडले. पोरं घाबरून बघत होती. मी शाळेत बाई आहे, पोरं माझ्याकडे बघून घाबरतात याची मला सवय आहे, पण अशी नाही.

आई उठली, माझ्या केसांतलं पाणी पदरानं पुसलं. "गप. येते मी," म्हणाली.

पाऊस जरा ओसरल्यावर मी तिला महाडला आणली. डोंगर खाली आला नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण ऐकणारे नेहमी विचारतात, आणि नाही म्हटलं की त्यांचा चेहरा जरा उतरतो. नाही आला. वाडीतले लोक आठवडाभर शाळेत राहिले आणि ऊन पडल्यावर घरी गेले. टीव्हीही परत वर गेला. भेग पुन्हा बुजवली. वेल पुन्हा लावले. आता सगळी वाडी मला हसते. "काय मॅडम, डोंगर कधी येतोय?" असं जीपवालासुद्धा विचारतो. मला याचीच जास्त भीती वाटते. पुढच्या वेळी टीव्ही उचलला तरी मागून कुणी येणार नाही.

आईला मी आतली खोली दिली, कपाटाचा निम्मा भाग दिला, तांब्या तर तिच्यासमोर ठेवून सांगितलं, हा तुझा. तिनं खिडकीतून सावित्रीचं लाल पाणी बघितलं, समोरच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या जुन्या रेषा बघितल्या आणि म्हणाली, "बरीच हायस. डोंगराखालनं काढलीस नि नदीच्या तोंडाला आणून बसवलीस." त्यावर आम्ही दोघी किती दिवसांनी हसलो.

मी माझ्या जिभेला कुलूप लावून होते. मैत्रिणीचा फोन आला तरी आईबद्दल एक शब्द काढायची नाही. "किती दिवस आहेत?" असं कुणी विचारलं की विषय बदलायची. मालिकेतल्या त्या बयेनं केलं ते माझ्याकडून होऊ नये म्हणून मी इतकी जपत होते की नवरा म्हणाला, तू घरात चोरासारखी का वागतेस?

साडेसातला आई आता शेजारच्या काकीला फोन लावते. काकी वर आमच्याच पडवीत बसलेली असते, सगळ्या बायका तिथेच जमतात. आईनं घर तिच्यावर सोपवलं आहे. फोन मागच्या खिडकीत ठेवायला तिनंच सांगितलं. मालिका चालू असली तरी तिचं लक्ष टीव्हीकडे नसतं. मान कलती करून फोनला कान लावून बसते. मध्येच, "आवाज कसला गो तो?" विचारते. काकी म्हणते, कसला नाय. आई म्हणते, "खाली या गो तुम्ही." काकी हसते.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. आतल्या खोलीतून काकीशी फोनवर बोलणाऱ्या आईचा आवाज आला. तिला वाटलं असावं, मिक्सर चालू आहे. तो मी नुकताच बंद केला होता.

"नाय गो, कायमची कशाला? तात्पुरती आलेय. माझी लेक भित्री हाय. तिला झोप लागत नव्हती म्हणून आलेय. जराशी धीट झाली की येते मी वर."

मी आत गेले नाही, भांडले नाही. मला भांडायला किती आवडतं ते आतापर्यंत कळलंच असेल, तरी नाही भांडले. पोळ्या केल्या. जेवणं झाली. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता. मी माझी उशी उचलली, आईच्या खोलीत गेले आणि तिच्या शेजारी खाली आडवी झाले.

"काय गो?" ती म्हणाली.

"भीती वाटते, आई."

"अजून?"

"हो."

तिनं पांघरूण माझ्यावर ओढलं. आता पावसाची रात्र असली की मी तिथेच झोपते. तिला मी हेच सांगते, आणि हेच सांगत राहणार आहे.